नव्या घरातलं नेट, कॅमेरे आणि बेलचं वायरिंग: रत्नागिरीच्या एका पोराकडून करून घेतलं, दीड वर्ष वापरून लिहितेय

आधीच सांगते, नाव-नंबर टाकणार नाहीये. एक तर त्यानेच नको म्हटलंय, "ताई आधीच हातात सात साईट आहेत, अजून लोकं फोन करून शिव्या घालतील." आणि दुसरं म्हणजे खाली त्याच्याबद्दल दोन-चार वाईट गोष्टीपण लिहिणारे, तर पोराचं नाव कशाला. पण नवीन घर बांधणाऱ्या माणसाने अशा माणसाकडून काम करून घ्यावं की नाही, आणि घेतलं तर कुठे डोळे उघडे ठेवायचे, ते सांगायचंय.

तर, रत्नागिरीपासून पाऊण तासावर गावात आमचं जुनं कौलारू घर होतं, ते उतरवून त्याच जागेवर नवीन बांधलं. चिऱ्याचं, खाली-वर दोन मजले, बाहेरून गिलावा नाही, नुसता दरजा भरून चिरा उघडा ठेवलाय. आई-बाबा कायम तिथे, मी डोंबिवलीत, पण मे महिन्यात आणि गणपतीत लॅपटॉप घेऊन तिथूनच काम करते. त्यामुळे मागणी सरळ होती, घरात सगळीकडे नेट, बाहेर ५ कॅमेरे म्हणजे मला डोंबिवलीत बसून बाबा जिन्यावर चढून नारळ मोजतायत का ते कळेल, आणि गेटला स्क्रीनवाली बेल.

आमच्या लाईटवाल्याला विचारलं तर म्हणाला, "त्यात काय ताई, माझ्याच पाईपातून एक वायर ओढून देतो." माझ्या दिराचं म्हणणं होतं की हल्ली सगळं वायफायवर चालतं, वायरी कशाला. दोघांचंही ऐकलं नाही याचं श्रेय मला नाही, जुन्या घरात स्वयंपाकघरातून पडवीत आलं की फोनला एक काडी राहायची, ते डोक्यात होतं. नऊ इंची चिऱ्याच्या दोन भिंती आणि मध्ये स्लॅब, त्यातून वायफाय जात नाही हो, विशेषतः ५ गिगाहर्ट्झवालं तर नाहीच. राऊटर कितीही महागाचा आणा.

मग ओळखीतून हा मुलगा मिळाला. २०२३ चा मार्च, खालच्या स्लॅबचं लोखंड बांधून झालेलं, दोन दिवसांनी स्लॅब भरायचा होता. तो बाईकवर आला, नकाशा मागितला, आणि पहिला प्रश्न काय विचारला तर, "ताई, तुमचा पलंग कुठे येणार?" मी म्हटलं तुला नेटचं काम दिलंय ना. तर म्हणे पलंग, टीव्ही आणि टेबल कुठे येणार हे कळल्याशिवाय पॉइंट कुठे काढायचा, नंतर सगळ्यांचे पॉइंट कपाटामागे जातात. सिमेंटच्या गोणीवर नकाशा पसरून आम्ही दोन तास बसलो. आई चहा घेऊन आली तर तिलाही विचारलं, तुम्ही सिरीयल कुठे बसून बघता.

शेवटी ठरलं असं: हॉलमध्ये टीव्हीमागे २, तीन बेडरूमला एकेक, वरच्या खोलीत माझ्या टेबलाला २, छताला वायफायच्या डब्यांसाठी खाली एक वर एक, ५ कॅमेरे आणि गेटची बेल १. एकूण १५ पॉइंट, सगळे कॅट सिक्स केबलचे (नेटची केबल असते ती), सगळे एकाच ठिकाणी येणार, पॅसेजमधल्या रॅकमध्ये, म्हणजे सगळ्या केबल जिथे येऊन जुळतात त्या पेटीत. मला रॅक जिन्याखाली हवा होता, दिसू नये म्हणून. त्याने सरळ नाही म्हटलं. जिन्याखाली ओल येते, हवा खेळत नाही, आणि पावसाळ्यात तिथे तुम्ही ओल्या छत्र्याच ठेवणार. (ठेवतो. बरोबर बोलला.)

टीव्हीच्या डिशसाठी गच्चीवरून आरजी सिक्स केबल वेगळ्या आणल्या, हॉलला एक आणि बाबांच्या खोलीला एक. मला वाटायचं एक आणून फाटा फोडता येतो. साध्या डिशला तसं चालत नाही, प्रत्येक सेट टॉप बॉक्सला डिशपासून स्वतःची केबल लागते, नाहीतर मल्टिस्विच, म्हणजे एका डिशचं सिग्नल अनेक बॉक्सना वाटणारा डबा, घ्यावा लागतो.

आता मुख्य गोष्ट, पाईप. या माणसाला वायरपेक्षा पाईपाचं वेड आहे. छतातल्या दोन पॉइंटचे पाईप स्लॅबच्या लोखंडात बांधायचे होते, ते त्याने स्वतः बांधले, तोंडं कापडाचा बोळा आणि टेप लावून बंद केली, नाहीतर स्लॅब भरताना सिमेंटचं पाणी आत शिरतं आणि पाईप कायमचा चोक. लाईटवाल्याचा असाच एक फॅनचा पाईप चोक झाला आणि आता त्या पंख्याची वायर बाहेरून पट्टीतून गेलीये, रोज दिसते. भिंतीत २५ एमएमचे पाईप, त्यात जास्तीत जास्त ४ केबल, पाचवी नाही. कोपऱ्यात काटकोनी एल्बो नाही, लांब वळणाचा बेंड. कॅट सिक्स केबल साधारण ६ एमएम जाडीची असते, तिला जाडीच्या चौपटीपेक्षा कमी त्रिज्येचं वळण द्यायचं नाही म्हणजे इंचभर तरी हवं, आणि एल्बोत ती ओढताना मोडते, वरून दिसत नाही पण आतल्या तारांच्या पिळलेल्या जोड्या सरकतात. एका ओढीत दोनच वळणं, तिसरं आलं की मध्ये डबा.

आणि लाईटच्या पाईपातून काहीही नाही. त्यावरून आमचा लाईटवाला आणि हा, दोघांची चांगलीच जुंपली. लाईटवाल्याचं म्हणणं, एवढ्या झिऱ्या मारून भिंत चाळणी होईल. याचं म्हणणं, २३० ची वायर आणि नेटची वायर एका पाईपात म्हणजे उद्या इन्सुलेशन सोललं तर लॅपटॉपला हात लावणाऱ्याला शॉक, आणि तो नाही बसला तरी नेटमध्ये खरखर. दोन्ही पाईप शेजारून न्यायचे तर फूटभर अंतर ठेवून, आणि ओलांडायचेच असतील तर काटकोनात. शेवटी बाबा मध्ये पडले, म्हणाले घर माझं, झिऱ्या मार. लाईटवाला आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हता.

बाबांनी मात्र भिंतीभर ते पाईप बघून मला बाजूला घेऊन विचारलं, "अगो, यातल्या पाण्याच्या कुठल्या?"

रिकामे पाईप पण टाकले त्याने, ५. एक रस्त्याकडच्या बाजूने रॅकपर्यंत, फायबरवाल्यासाठी, बाहेरचं तोंड खाली वाकवलेलं म्हणजे पाऊस आत येणार नाही. एक रॅकपासून गच्चीवर. एक टीव्हीमागून सोफ्यामागे. एक मागील दाराला. एक नुसताच खालून वर. प्रत्येकात नायलॉनची दोरी ओवून दोन्ही टोकांना गाठ. मला तेव्हा वाटलं होतं बिल वाढवतोय. दोरीचे पैसे लावले नाहीत हे खरं, पण पाईपाचे लावले.

प्लॅस्टरच्या आदल्या दिवशी परत आला आणि प्रत्येक भिंतीला टेप धरून फोटो काढले, टेपचे आकडे दिसतील असे, जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती. ६४ फोटो. माझ्या फोनवर, बाबांच्या फोनवर आणि स्वतःकडे. याच्याबद्दल खाली येतेच.

बाहेरून चिरा उघडा असल्यामुळे कॅमेऱ्याच्या केबल सगळ्या आतून आणल्या आणि भिंतीला आरपार भोक, ते पण बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं. कॅमेऱ्यामागे डबा, जोड डब्यात, बाहेर बोटभर पण वायर दिसत नाही. मी म्हटलं छान दिसतंय. तो म्हणाला दिसायला नाही ताई, वांदरांसाठी. आमच्याकडे वांदरं कौलं, फणस, टाकीचं झाकण काही सोडत नाहीत, लोंबणारी वायर म्हणजे त्यांना झोपाळाच. शेजारच्यांच्या डिशची केबल दोन वर्षांत तीनदा तुटलीये.

२०२४ च्या जानेवारीत केबल ओढली. ३०५ मीटरचा डबा, चांगल्या कंपनीचा, आख्खा तांब्याचा, साधारण ९ हजारांचा, डबा माझ्यासमोर फोडला. बाजारात याच्या निम्म्यालापण डबा मिळतो पण तो सीसीए, म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. डब्यावर लिहिलेलं असतंच असं नाही. ब्लेडने तार खरवडायची, आत पांढरी निघाली की परत करायची, एवढी सोपी परीक्षा आहे, आणि ती मला यानेच शिकवली. हे लक्षात ठेवा, पुढे याच्यावरच उलटलंय.

जोडणी रंगकामानंतर. त्याने शब्द दिला होता शिमग्याच्या आधी. आता रत्नागिरीत शिमग्याच्या आधी असा शब्द कोणी दिला की समजून जायचं, पण मी डोंबिवलीत राहून राहून विसरलेय बहुतेक. शिमग्यात पालखी, मग पालखी घरोघर, मग थकवा, मग "ताई उद्या नक्की", मग फोनच उचलत नव्हता. वास्तुशांत अक्षय्य तृतीयेला ठरलेली, १० मे. हा उगवला एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. सहा आठवडे उशीर, एक मेसेज नाही. याचा मला अजूनही राग आहे. आणि मध्ये रंगवाल्याने तीन पॉइंटच्या डब्यांत पुट्टी भरून वरून रंग मारून गुळगुळीत करून टाकलेलं, ते टेपच्या फोटोंवरून शोधून कोरून काढावे लागले.

पण जोडायला बसला की बघत राहावं असं काम. भिंतीतल्या पॉइंटला आणि रॅकच्या पॅच पॅनलला (सगळ्या केबलची टोकं बसतात ती पट्टी) पंचिंग टूलने कट्ट कट्ट तारा बसवायच्या, पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडायचा नाही, तो पीळ असतो म्हणूनच एका जोडीचा आवाज दुसरीत जात नाही म्हणे. कॅमेऱ्याच्या टोकाला मात्र प्लग, आणि तो लावताना ओठातल्या ओठात चालू, पांढरा नारिंगी, नारिंगी, पांढरा हिरवा, निळा, पांढरा निळा, हिरवा, पांढरा तपकिरी, तपकिरी. आई म्हणाली याचं काय अथर्वशीर्ष चाललंय. मग आठ दिव्यांचा तो छोटा टेस्टर, पण त्यावर न थांबता प्रत्येक पॉइंटला लॅपटॉप लावून १ गिगाबिट येतंय का बघितलं. टेस्टर फक्त तार जोडलीये की नाही एवढंच सांगतो, वेग सांगत नाही. रॅकमध्ये प्रत्येक केबलला नंबर आणि तोच नंबर भिंतीवर. त्याच्या त्या आकड्यांची चिठ्ठी रॅकच्या दाराला आतून चिकटवलीये.

आता वाईट गोष्ट. जून लागला, पाऊस सुरू झाला, आणि गेटचा कॅमेरा रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला जायचा. दिवसा ठणठणीत, अंधार पडला की गायब, दोन मिनिटांनी परत, परत गायब. बाबा म्हणाले वांदरं. मी फोन केला, तो म्हणाला कॅमेरा खराब असेल, कंपनीला कळवा. कंपनीने बदलून दिला. नवीन कॅमेरा, संध्याकाळी सात, गायब.

जुलैत मी सुट्टी काढून गेले, गेटच्या खांबातला डबा उघडला, आत पाणी टिपूस टिपूस, आणि प्लग ओढला तर तार तुटून हातात आली. इतकी ठिसूळ. सहज स्वयंपाकघरातली सुरी घेतली आणि खरवडली. पांढरी!

फोटो काढून त्याला पाठवला, एक शब्द लिहिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, भर पावसात, रेनकोट घालून दारात. तेव्हा कळलं काय झालं ते. त्याने एक डबा धरला होता हिशेबात, पण १५ पॉइंट गुणिले सरासरी बावीस मीटर म्हणजे ३३० होतात, साधा गुणाकार, आणि गेटचे दोन तर प्रत्येकी चाळीसच्या वर. शेवटी गेटच्या दोन ओढायच्या राहिल्या, हा दुसऱ्या साईटवर, आणि हाताखालच्या पोराने कुठून तरी सुटी केबल आणून ओढून टाकली. ती सीसीए, आणि वर घरातली, म्हणजे जमिनीखालच्या पाईपासाठी जी काळ्या जाड आवरणाची जेली भरलेली बाहेरची केबल लागते ती नाहीच. कोकणात जमिनीतल्या पाईपात पावसाळ्यात पाणी भरतंच, कितीही सील करा. ओल्यात ॲल्युमिनियमची पकड जाते, कॅमेऱ्याला वीज त्याच तारांतून मिळते, दिवसा कमी लागते तेव्हा कसाबसा तग धरायचा, अंधार पडून त्याचे रात्रीचे दिवे लागले की ओढ वाढली आणि बसला खाली.

त्याने पोराला दोष नाही दिला हे मला आवडलं. म्हणाला, बघायला मी हवा होतो. जुन्या केबलच्या शेपटीला नवीन बांधली, एकाने गेटला ओढली, एकाने घरातून सोडली, दोन्ही केबल तासाभरात बदलून झाल्या, फरशी नाही उखडली, अंगण नाही खणलं, कारण पाईप ३२ चा आणि वळणं लांब. पैसे घेतले नाहीत. वर गेटच्या लाईनींना रॅकपाशी सर्ज अरेस्टर, म्हणजे विजेचा झटका अडवणारे डबे, लावून अर्थिंगला जोडले, म्हणाला वीज कडाडते तुमच्याकडे, हे आधीच करायला हवं होतं. खरं तर पहिल्या दिवशी तो म्हणाला होता गेटपर्यंत फायबर टाकू, काचेतून वीज येत नाही, मीच खर्चाला बघून नको म्हटलं होतं. ते माझ्याकडे.

दुसरा घोळ त्याचा नाही, सुताराचा. गणपतीत गेले तर वरच्या टेबलावर फाईल चढायला युगं लागत होती. लॅपटॉपला बघितलं तर १ गिगाबिटच्या जागी १००. हे लक्षण ध्यानात ठेवा, बरोब्बर १०० दिसत असेल तर बऱ्याचदा आठातली एखादी तार गेलेली असते, कारण १०० ला दोनच जोड्या पुरतात आणि गिगाबिटला चारही लागतात. टेस्टर लावला, ७ आणि ८ चे दिवे मेलेले, म्हणजे तपकिरी जोडी. फोनमधला तो टेपचा फोटो काढला, भिंतीवर मोजलं, आणि बरोबर त्याच उंचीवर जूनमध्ये लावलेल्या शेल्फचा स्क्रू. सुताराला फोटो दाखवायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. स्क्रू काढला, त्याच पाईपातून नवीन केबल, फोनवर सांगून सांगून मी आणि चुलतभावाने ओढली. पंचिंग मात्र तो येऊनच करून गेला, आणि मोदक खाऊन गेला.

बाकी छोटं छोटं. लाईट गेली की इन्व्हर्टरवर जाताना राऊटर क्षणभर मरून परत उठायचा, त्यात मीटिंग तुटायची, १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला, संपलं. छतातले दोन वायफायचे डबे असल्यामुळे पडवीतपण पूर्ण रेंज आहे, बाबा झोपाळ्यावर बसून भजनं लावतात. विहिरीच्या पंपापर्यंत एक रिकामा पाईप टाकायला हवा होता, ते ना त्याला सुचलं ना मला. स्वयंपाकघरात एकही पॉइंट नाही, आई अधूनमधून बोलून दाखवते.

खर्च विचाराल तर पाईप, केबल, रॅक, पॅनल, मजुरी धरून ५२ हजार, कॅमेरे, रेकॉर्डर, स्विच आणि बेल वेगळे. लेखी कोटेशन दिलं नव्हतं, वहीच्या कागदावर आकडा होता ४५ चा. वाढलेल्या ७ मधले ४ रिकाम्या पाईपांचे, तीनचा हिशोब मला अजून लागलेला नाही. तुम्ही असं काम देणार असाल तर मीटरचा हिशोब स्वतः करा, कोटेशन लिहून घ्या, आणि केबल ओढायच्या दिवशी घरातलं कोणीतरी ब्लेड घेऊन उभं करा, शेवटच्या पॉइंटपर्यंत.

पाचपैकी चार देते. एक उशिराचा कापला. केबलचा कापला असता, पण पावसात आला.

आणि ती गेटची स्क्रीनवाली बेल, सगळ्यात महाग पॉइंट तोच पडला, तर ती दीड वर्षात फक्त कुरियरवाल्याने वाजवलीये. गावातली माणसं मागील दारानेच येतात आणि थेट स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन "वहिनी आहात काय" म्हणून हाक मारतात, तिकडे कॅमेरा नाही. परवा त्याला हे सांगितलं तर म्हणाला, ताई, पाईप आहे तिकडे, दोरीपण आहे, दिवाळीआधी येतो.